भात कालवता येतो का?

सकाळी साडेसात

श्रावणात आमच्याकडे गर्दी वाढते. शाळा जूनमध्ये सुरू होतात, महिना-दीड महिना बाई मुलाला पाहतात आणि मग वहीच्या पानावर दोन ओळी लिहून घरी पाठवतात : ‘वर्गात बसत नाही. डबा खात नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या.’ ही चिठ्ठी घेऊन पालक आधी बालरोगतज्ज्ञांकडे जातात आणि तिथून माझ्याकडे येतात. मी पनवेलमध्ये लहान मुलांची मानसशास्त्रीय तपासणी करते. आज सकाळी दोन कुटुंबं यायची आहेत, दुपारी वाडीवर जायचं आहे, म्हणून साडेसातलाच फायली उघडल्या.

पहिलं काम वयाचं. ‘सीनियरला आहे’ एवढ्यावर भागत नाही. दाखल्यावरची जन्मतारीख आजच्या तारखेतून वजा करायची आणि वय महिन्यांत लिहायचं. पहिल्या फाईलमधला मुलगा बरोबर साठ महिन्यांचा आहे. मग प्रसूतीच्या वेळचं कार्ड : वजन किती होतं, लगेच रडला का, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं का, कावीळ किती चढली होती. आणि कानाची तपासणी झाली आहे की नाही हे तर पहायलाच हवं. ऐकू कमी येतं म्हणून बोलत नाही, अशा मुलाला मंद ठरवण्याइतका मोठा अन्याय दुसरा नाही आणि तो अजूनही होतो. या मुलाचे कान ठीक आहेत. अहवाल जोडलेला आहे.

नऊ

उरण रस्त्यावरच्या गावातलं आगरी कुटुंब. वडील कंटेनर यार्डात कामाला, म्हणून ते आले नाहीत. आई आणि आजी आल्या आहेत. मुलगा आजीच्या पदराआड.

मी मुलाला लगेच काही विचारत नाही. समोर ठोकळे, खडू, एक मोठ्या बटणांचा सदरा, पाण्याचा छोटा माठ आणि पेले असतात. तो त्यांच्याकडे बघत राहील तोवर आईशी बोलते. प्रश्न एकच : ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याचा दिवस सांगा.’

असं का विचारायचं, हे सांगायला हवं. ‘त्याला बटणं लावता येतात का?’ असं थेट विचारलं तर शंभरातल्या बहुतेक आया ‘हो, येतात ना’ म्हणतात. त्यात खोटेपणा नसतो, माया असते. एकदा कधीतरी त्याने एक बटण लावलं होतं आणि ते तिच्या डोळ्यांपुढे आहे. मला हवं असतं ते रोजचं. मुलाला काय जमू शकेल यापेक्षा तो रोज, कुणी न सांगता, काय करतो हे मी वापरते ती व्हाइनलँड चाचणी मोजते. एडगर डॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड प्रशिक्षण शाळेत ती तयार केली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. याच संस्थेत त्याआधी हेन्री गोडार्ड यांनी फ्रान्समधली बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणून रुजवली होती. डॉल यांचं म्हणणं असं की नुसत्या बुद्धीच्या आकड्यावरून कुणाला मतिमंद म्हणू नये. तो माणूस स्वतःचं स्वतः किती पाहतो आणि चार माणसांत कसा वावरतो, हेही पाहिलं पाहिजे. म्हणून त्यांनी मुलाऐवजी मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला बोलतं करायची पद्धत घेतली.

आई सांगू लागते. सात वाजता उठतो. दात आजी घासून देते. दूध मोबाइल लावला की पितो. आंघोळ काका घालतो. कपडे आई चढवते, कारण व्हॅन येते आणि उशीर होतो. शाळेतून डबा तसाच परत. दुपारी आजी भरवते. संध्याकाळी अंगणात चुलतभावंडांबरोबर पळतो, पण खेळात त्याच्यावर राज्य आलं तरी त्याला ते कळत नाही, तो तसाच सगळ्यांच्या मागे धावत राहतो. रात्री माशाचं कालवण आणि भात, तोही भरवूनच.

‘स्वतः भात कालवतो का?’

आजी मध्येच म्हणते, ‘लेकराला कशाला त्रास? मी हाय ना.’

भाताचा प्रश्न मी उगाच विचारलेला नाही. डॉल यांच्या मूळ यादीत सहा ते सात वर्षांच्या गटात सुरीने पावाला लोणी लावण्याची बाब होती. नागपूरला बालमार्गदर्शनाचं काम करणारे ए. जे. मालिन यांनी या चाचणीचं भारतीय रूप केलं, तेव्हा त्या जागी ‘कुणाच्या मदतीशिवाय भात नीट कालवतो’ हे आलं. मूळच्या ११७ बाबींमधून पंधरा वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी त्यांनी ठेवल्या आणि आज देशभर ही ‘नागपूर आवृत्ती’ वापरली जाते. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. भात कालवताना पाचही बोटं वेगवेगळी कामं करतात, डाळ किती घ्यायची याचा अंदाज लागतो, ताटाबाहेर सांडू द्यायचं नसतं, आणि हे सगळं पंगतीत इतरांबरोबर चालतं. मुलाच्या हाताची, डोळ्याची आणि समजेची एवढी माहिती एका घासात मिळते.

चाचणीत आठ अंगं पाहतात : सर्वसाधारण स्वावलंबन, खाणं, कपडे, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, हाताला काम, बोलणं, हिंडणं-फिरणं आणि माणसांत मिसळणं. प्रत्येक बाबीपुढे खूण करायची. त्या खुणांमधली एक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : ‘संधीच मिळाली नाही.’ मुलाला जमत नाही ही एक गोष्ट, आणि त्याला कधी करूच दिलं नाही ही वेगळी. कागदावर दोन्ही रिकाम्या जागाच दिसतात. मुलाच्या पुढच्या आयुष्यात मात्र त्यांतून वेगवेगळे रस्ते फुटतात. माझ्या कामाचा अर्धा भाग या दोन रिकाम्या जागा एकमेकींपासून सोडवण्यात जातो.

एव्हाना मुलगा पदराबाहेर आला होता. माठापाशी गेला, पेला उचलला, बुडवून भरला आणि दोन्ही हातांनी धरून आजीला आणून दिला. फारसं सांडलं नाही. आजी पेल्याकडे बघत राहिली. घरी त्याने हे कधी केलं नव्हतं, कारण घरी तहान लागायच्या आत पाणी येतं. सदरा दिला तर झटक्यात डोक्यावरून काढला. बटणांशी मात्र बराच झगडला आणि एक लावलं. खडूने रेघ ओढली, गोल काढता आला नाही. दोन शब्दांपलीकडे वाक्य गेलं नाही. काल काय केलंस, यावर उत्तर नाही.

म्हणजे दोन्ही आहे. विकास खरोखर मागे आहे, आणि त्यावर घरच्या लाडाचा थर चढला आहे. ‘लाडाने बिघडलाय, होईल आपोआप’ हे शेजाऱ्यांचं म्हणणंही अपुरं आणि शाळेचं ‘याला काही कळत नाही’ हेही अपुरं.

अकरा

खारघरच्या उंच इमारतीतलं कुटुंब. मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची. आईवडील दोघंही नोकरीला. फोनवरच मी सांगितलं होतं की दिवसभर मुलीला सांभाळणाऱ्या मावशींनाही आणा. त्या आल्या आणि दारापाशी उभ्या राहिल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, कारण या खोलीत खरी माहिती त्यांच्याकडे आहे.

वडील कौतुकाने सांगतात : इंग्रजी मुळाक्षरं सगळी येतात, ग्रहांची नावं ओळीने म्हणते, रंग ओळखते. मुलगी खिडकीपाशी उभी राहून तेच पुटपुटत होती. नावाने हाक मारली, वळली नाही. मी फुगा फुगवून हवेत सोडला. फुग्याकडे पाहिलं, पण ‘बघ ना’ म्हणून आईकडे पाहिलं नाही.

मावशी हळूच म्हणाल्या, ‘ताई, तिला पाणी हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेते. बोट दाखवत नाही कधी.’

या एका वाक्यात मला पाऊण तासाची तपासणी मिळाली. माणसाला माणूस म्हणून मदतीला बोलावणं आणि त्याचा हात साधनासारखा वापरणं, यात स्वमग्नतेची शंका घेण्याइतका फरक असतो. व्हाइनलँड चाचणीत तिचं चालणं, जिने चढणं, कपडे काढणं वयाला धरून निघालं. बोलणं आणि मिसळणं खूप खाली. अशा वेळी सरासरीचा एकच आकडा फसवतो. आठ अंगांचा चढउतार पाहायला हवा. स्वमग्नतेसाठी आपल्याकडे चाळीस बाबींची वेगळी भारतीय मोजपट्टी आहे. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. ती पुढच्या भेटीत, बालमज्जाविकारतज्ज्ञांचं मत आल्यावर.

आईने विचारलं, ‘मोबाइलमुळे झालं का? आमच्यामुळे झालं का?’ मोबाइलमुळे स्वमग्नता येते असं मी कुणालाही सांगत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. मात्र पडद्यापुढे गेलेला प्रत्येक तास माणसांबरोबरच्या तासांमधून वजा होतो, आणि या मुलीला ते तास इतर मुलांपेक्षा जास्त हवे आहेत. निदानाचं नाव ठरेपर्यंत थांबू नका, वाचाउपचार आणि व्यवसायोपचार याच आठवड्यात सुरू करा, असं लिहून दिलं. राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र त्यांच्याच खारघरमध्ये आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरात काय करायचं ते मी तिघांना एकत्र सांगितलं, आणि बोलताना जास्त वेळ मावशींकडे पाहिलं.

साडेबारा

आता गणित. सकाळच्या मुलाची बेरीज करायची. पूर्ण जमलेल्या बाबींचे पूर्ण गुण, अर्धवट जमणाऱ्यांचे अर्धे. त्यावरून सामाजिक वय, ते प्रत्यक्ष वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. हा सामाजिक गुणांक.

हे गणित किती नाजूक आहे हे पालकांना कळलं पाहिजे. पहिल्या वर्षासाठी चाचणीत सतरा बाबी आहेत. तीन ते चार वर्षांच्या गटात फक्त सहा : एकेका पायरीवर एकेक पाय टाकत जिना उतरणं, इतर मुलांबरोबर मिळून खेळणं, बटणं लावणं, घरात लहानसहान मदत करणं, दुसऱ्यांसमोर गाणं-नाच करून दाखवणं, स्वतः हात धुणं. बारा महिन्यांत सहा, म्हणजे एक बाब दोन महिन्यांची. साठ महिन्यांच्या मुलाचं सामाजिक वय बेचाळीस महिने आलं तर गुणांक ७०. त्यातली एक बाब गेली तर चाळीस महिने, गुणांक ६७.

आणि या तीन अंकांमधून एक सरकारी रेघ जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याखालच्या मार्गदर्शक सूचना ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत आल्या, त्यांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी याच चाचणीवरून काढायला सांगितली होती. त्या सूचनांनुसार ७० ते ८४ गुणांक म्हणजे सीमारेषेवरचा, २५ टक्के. ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, ५० टक्के. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. सकाळी उशीर होतो म्हणून आईने लावून टाकलेली बटणं अशी थेट प्रमाणपत्रापर्यंत पोहोचतात. म्हणून मी एकाच बैठकीत आकडा देत नाही. ‘संधीच मिळाली नाही’ अशी खूण असलेल्या बाबी वेगळ्या लिहून देते, महिनाभर घरी करू द्यायला सांगते आणि पुन्हा बोलावते. बुद्धीची चाचणीही तेव्हाच. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती आजही कामाला येते.

सव्वाला डबा खाल्ला आणि निघाले.

दुपारी अडीच

कर्नाळ्याच्या डोंगराकडची कातकरी वाडी. दिवाळीनंतर इथली घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून मुलं भेटण्याचे महिने हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. गेल्या तपासणीच्या यादीत एका मुलीच्या नावापुढे कुणीतरी ‘मंद?’ असं लिहून ठेवलं होतं. वय साडेसहा. पहिलीत नाव आहे, अक्षर एक येत नाही, बाईंच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

ती कडेवर भावाला घेऊनच आली. अंगणवाडीच्या सेविकाताई तिच्या घरच्यांना ओळखतात, आजी शेजारी बसली. मी तोच प्रश्न विचारला : कालचा दिवस सांगा. सकाळी हापशावरून कळशी आणली. भावाला धुतलं. आई लावणीला गेली, तर हिने चूल पेटवून भात ठेवला. दुपारी दुकानातून तेल आणलं, वीस रुपये दिले होते, उरलेले मोजून आणले. ओढ्यावर खेकडे धरले. संध्याकाळी भावाला झोपवलं.

मी खुणा करत गेले आणि करतच राहिले. पैसे विश्वासाने हाती देणं ही पाच ते सहा वर्षांची बाब. घरातली नेहमीची कामं पार पाडणं ही आठ-नऊची. लिहिण्या-वाचण्याच्या बाबींपुढे मात्र ओळीने एकच खूण : संधीच मिळाली नाही. सेगँचा लाकडी फलक पुढे ठेवला, दहा आकार आपापल्या खाचांत बसवायचे. न बोलता, एकही न चुकता, तिने ते भराभर बसवले. मग सेविकाताईंनी तिच्याशी कातकरीत दोन शब्द बोलून पाहिले आणि ती घडाघडा बोलू लागली. शाळेतल्या बाईंची मराठी तिच्या घरची भाषा नाही, आणि वर्षातले पाच-सहा महिने ती भट्टीवर असते. तिच्या गप्प बसण्याचं कारण एवढंच होतं.

यादीतला तो शब्द मी खोडायला लावला आणि कारण लिहून सही केली.

पण या मुलीचा गुणांक वयापेक्षा वर आला, याचा मला आनंद झाला नाही. साडेसहाव्या वर्षी चूल पेटवणं आणि मूल सांभाळणं ही परिपक्वता तिने तिच्या खेळण्याच्या वयातून काढून दिलेली आहे. सकाळच्या मुलाला हातच हलवू दिला नाही, हिच्या हातांना विसावाच दिला नाही. दोघांचंही बालपण मोठ्यांच्या सोयीने चाललं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, कारण मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. वाट कुणी दाखवली नाही असं म्हणता येणार नाही. या मुलीला गरज आहे ती भट्टीवर चालणाऱ्या वर्गाची आणि तिच्या भाषेतून मराठीकडे नेणाऱ्या शिक्षिकेची. मानसशास्त्रज्ञाची तिला गरज नाही, असं मी अहवालात स्पष्ट लिहिलं.

पाच

परत आल्यावर अहवाल घ्यायला दोन वडील थांबले होते. एकांना आकडा थोडा खाली हवा, म्हणजे प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्यांना वर हवा, म्हणजे शाळा प्रवेश नाकारणार नाही. दोघांचीही काळजी खरी आहे, आणि दोघांनाही मी नाही म्हणाले. आकडा हलवला तर मुलाला चुकीची मदत मिळते, किंवा मिळायची ती मिळत नाही.

त्याऐवजी माहिती दिली. पाच वर्षांपर्यंत ‘सर्वांगीण विकास विलंब’ एवढंच निदान लिहितात आणि ते प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. पाचनंतर बौद्धिक अक्षमता हा शब्द येतो. पाच, दहा आणि अठरा वर्षांना फेरतपासणी होते, म्हणजे आजचा आकडा जन्माचा शिक्का नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाताना जन्मदाखला, कानाचा अहवाल आणि जुने सगळे कागद सोबत न्या. प्रमाणपत्र झालं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्चाचं संरक्षण मिळतं आणि त्यात उपचारांच्या बैठकाही धरतात.

साडेसहा

शेवटचा फोन सकाळच्या मुलाच्या बाईंना. त्याला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या आणि डब्याच्या वेळी शेजारी नीट खाणारा मुलगा बसवा. आईला आणि आजीला महिन्यासाठी तीनच कामं दिली आहेत : पाणी स्वतःचं स्वतः घेऊ द्या, रोज दोन बटणं त्याला लावू द्या आणि एक वेळचा भात त्याच्या हाताने. सांडेल, हात बरबटेल, वेळ लागेल. आजींना मी म्हटलं, तुम्ही पुसायला बसा, भरवायला नको. त्या हसल्या आणि ‘बघते’ म्हणाल्या.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात किंवा शेजारी लहान मूल असेल, तर त्यांना एवढंच सांगायचं आहे. दीड वर्षं होऊनही चालत नाही, दोन वर्षं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवत नाही, किंवा आधी येत असलेलं बोलणं गेलं, यांतलं काही दिसलं तर ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या आणि लगेच विकासाची तपासणी करून घ्या. आणि तपासणीला याल तेव्हा मुलाबरोबर दिवसभर जो असतो, मग ती आजी असो, मावशी असो की मोठी बहीण, त्याला सोबत आणा.